एका संघात तीन मुस्लिम खेळाडू : इराकच्या फुटबॉल मैदानावर काय घडलं?

भारत-पाकिस्तान सामन्याची रात्र आपल्या घरांत कशी जाते, हे वेगळं सांगायला नको. मुलं टीव्हीसमोर, चहाची दुसरी फेरी, आणि मध्येच आतून अम्मीचा किंवा दादीचा आवाज : "मोबाईलवर काही लिहू नकोस हं. स्टेटस ठेवू नकोस. उद्या कॉलेजला जायचंय." सामना भारताने जिंकला तरी थोडी काळजी, हरला तर जास्तच.

ही काळजी उगाच नाही. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत टी-२० विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून हरला, आणि अकरा जणांतून नेमकं मोहम्मद शमीचंच नाव निवडून समाजमाध्यमांवर त्याला शिव्या घातल्या गेल्या. काही दिवसांनी कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर शमीच्या बाजूने उभा राहिला. धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं ही माणसाने करावी अशी सगळ्यात हीन गोष्ट आहे, अशा अर्थाचं तो स्पष्ट बोलला. ते ऐकून बरं वाटलं. पण घरातली सूचना काही बदलली नाही.

म्हणूनच 'खेळ माणसं जोडतो' असं कुणी व्यासपीठावरून म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना ते गुळगुळीत वाटतं. या वाक्याला संयुक्त राष्ट्रांचा शिक्काही आहे. २०१३ मध्ये महासभेने ठराव करून ६ एप्रिल हा 'विकास आणि शांततेसाठी आंतरराष्ट्रीय क्रीडा दिन' ठरवला. १८९६ साली याच तारखेला अथेन्समध्ये आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं होतं. २०१४ पासून हा दिवस पाळला जातो. या कामासाठी संयुक्त राष्ट्रांचं एक स्वतंत्र कार्यालयही होतं. ते २०१७ मध्ये बंद झालं आणि पुढचं काम आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या जोडीने करायचं ठरलं. दिवस राहिला, कार्यालय गेलं!

पण थट्टा बाजूला ठेवू. प्रश्न साधा आहे : दोन समाजांमध्ये रक्त सांडलेलं असताना, त्यांच्या पोरांना एकत्र खेळायला लावलं तर खरंच काही फरक पडतो का? की सामना संपला, हात मिळवले, फोटो निघाला आणि सगळे आपापल्या मोहल्ल्यात परत? या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी मोजून काढलं आहे. तेही अशा ठिकाणी, जिथे मुस्लिम आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांमधला विश्वास पार धुळीला मिळाला होता.

काराकोशची पोरं

उत्तर इराकमध्ये मोसुल शहरापासून तीसेक किलोमीटरवर काराकोश नावाचं गाव आहे. आयसिस येण्यापूर्वी इराकमधली ही सगळ्यात मोठी ख्रिस्ती वस्ती होती, सुमारे ५० हजार लोकांची. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसचे लोक इथे घुसले आणि एका रात्रीत जवळजवळ सगळं गाव पळालं. बहुतेक कुटुंबं कुर्दिस्तानात एरबिल शहराकडे गेली, तिथल्या अंकावा या ख्रिस्ती भागात राहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये काराकोश सुटलं. लोक परतले तेव्हा घरं जळालेली होती आणि मोठ्या चर्चच्या आवारात आयसिसने नेमबाजीचा सराव केल्याच्या खुणा होत्या.

आयसिसने मुसलमानांनाही सोडलं नव्हतं. त्या भागातले शिया, शबक, आयसिसला न जुमानणारे सुन्नी, हेही घरंदारं सोडून पळाले होते. पण घर गमावलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मनात हा फरक राहत नाही. कुणी शेजाऱ्याने दगा दिला, कुणी गप्प बसून पाहिलं, अशी भावना घट्ट बसली होती. आणि ज्यांनी हे सगळं केलं ते इस्लामचं नाव घेऊन आले होते, ही गोष्ट त्यांच्यासाठी पुसणं सोपं नव्हतं.

अशा वातावरणात सलमा मूसा या राज्यशास्त्राच्या संशोधकाने अंकावा आणि काराकोश इथे फुटबॉल लीग भरवल्या. सोबत एक स्थानिक ख्रिस्ती संस्था होती. हौशी खेळाडूंचे ख्रिस्ती संघ आधीपासून होतेच. सगळेच खेळाडू विस्थापित. अशा ५१ संघांना सांगण्यात आलं की लीगमध्ये यायचं तर प्रत्येक संघात तीन जादा खेळाडू घ्यावे लागतील, आणि ते तीन कोण हे तुम्ही ठरवायचं नाही.

इथे खरी गंमत आहे. काही संघांना तीन ख्रिस्ती खेळाडू मिळाले, काहींना तीन मुस्लिम. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं.

चिठ्ठी का? कारण एरवी जे लोक स्वतःहून मिश्र संघात जातात, ते मुळातच मोकळ्या मनाचे असतात. मग त्यांच्याकडे बोट दाखवून 'बघा, खेळामुळे मनं बदलली' म्हणणं म्हणजे आधीच पोहता येणाऱ्याला पाण्यात टाकून आपण त्याला पोहायला शिकवलं असं म्हणण्यासारखं. चिठ्ठीने वाटणी झाली की दोन्हीकडे सारख्याच मनाची माणसं येतात. पुढे फरक दिसला तर तो त्या तीन सहकाऱ्यांमुळेच, असं ठामपणे म्हणता येतं.

सगळ्यांना हे आवडलं नव्हतं, हे उघडच आहे. आपल्या माणसांचा संघ, आपलं हक्काचं मैदान, त्यात हे कोण, अशी कुरबुर झाली. पण लीग दोन महिने चालली. सराव एकत्र, डबडबलेल्या घामात पाणी एकाच बाटलीतून, गोल झाला की मिठी आणि गोल खाल्ला की एकमेकांवर चिडणंही.

मग मोजणी झाली. ही मोजणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण 'तुमचं मुसलमानांबद्दल मत काय' एवढंच विचारून ती थांबली नाही. अशा प्रश्नाला कुणीही गोड उत्तर देतं. इथे वागणूक पाहिली गेली. लीगच्या शेवटी खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मतदान होतं. मुस्लिम सहकाऱ्यांसोबत खेळलेले ख्रिस्ती खेळाडू दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला मत देण्याचं प्रमाण, फक्त ख्रिस्ती संघातल्या खेळाडूंपेक्षा शंभरामागे सुमारे २६ ने जास्त होतं. पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव नोंदवणारे शंभरामागे १३ ने जास्त. आणि लीग संपून सहा महिने झाल्यावर, कुणी बोलावत नाही, कुणी मोजतंय असं वाटत नाही, तेव्हाही मुस्लिमांसोबत सराव करत राहिलेले शंभरामागे सुमारे ४९ ने जास्त!

हा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स' या जगातल्या नामवंत विज्ञान नियतकालिकात छापून आला. बातम्यांमध्ये त्याची अर्धीच गोष्ट आली. दुसरी अर्धी तितकीच महत्त्वाची आहे.

त्या खेळाडूंना मोसुलमधल्या, म्हणजे मुस्लिमबहुल शहरातल्या, एका हॉटेलात जाऊन जेवण्याची संधी दिली होती. दोन्ही समाजांचा एक सामाजिक कार्यक्रमही ठेवला होता. इथे मिश्र संघातले आणि बिनमिश्र संघातले खेळाडू सारखेच वागले. ठोस फरक दिसलाच नाही. म्हणजे अली किंवा हुसेन माझ्या संघातला, तो माझा. त्याच्यासारखे मैदानावर येणारे दुसरे मुस्लिमही चालतील. पण मोसुलचा अनोळखी मुसलमान? तिथे भीती होती तशीच राहिली.

मला हे निराशाजनक वाटत नाही, खरं वाटतं. ज्या शहराचं नाव ऐकून आईच्या छातीत धस्स होतं, त्या शहरात दोन महिन्यांच्या फुटबॉलने कुणी जेवायला जाईल, अशी अपेक्षा करणंच चूक होतं. विश्वास मैदानाच्या कुंपणापर्यंत आला. कुंपणाबाहेरचं काम पोलीस, न्यायालय, नुकसानभरपाई, शाळा आणि नेते यांचं आहे. ते त्यांनी करायचं सोडून पोरांच्या पायात बॉल दिला, तर ती पळवाट झाली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. या अभ्यासाचा रोख ख्रिस्ती खेळाडू बदलतात का यावर होता. पण बारा जणांत तीन असणं म्हणजे काय, हे आपल्या बऱ्याच मुलांना पुस्तक न वाचताही माहीत आहे. वर्गात, ऑफिसात, हॉस्टेलवर. पहिल्या दिवशी पास कोण देतं, कोण देत नाही, हे त्या तिघांना लगेच कळलं असणार.

समोर उभं राहिलं तर वेगळं, बाजूला उभं राहिलं तर वेगळं

आता इराकहून आपल्या देशात येऊ, कारण याच प्रश्नाचा दुसरा धागा उत्तर प्रदेशात सापडतो. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने २०१७ मध्ये वाराणसीजवळच्या गावांत क्रिकेट लीग भरवल्या. १,२६१ तरुण, वेगवेगळ्या जातींचे. इथेही चिठ्ठीच्याच पद्धतीने ठरलं की कोण आपल्याच जातीच्या संघात खेळेल, कोण मिश्र संघात, आणि समोर कुणाचा संघ येईल. प्रश्न असा होता : दुसऱ्या जातीच्या मुलासोबत खेळणं आणि दुसऱ्या जातीच्या मुलाविरुद्ध खेळणं, दोन्हींचा परिणाम सारखाच होतो का?

झाला नाही. एकाच संघात खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. निवड करायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या जातीला झुकतं माप देणंही कमी झालं. पण दुसऱ्या जातीच्या संघासमोर उभं राहून खेळलेल्यांमध्ये उलटा कल दिसला. तेच मैदान, तोच बॉल, तीच उन्हातली दुपार. फरक एवढाच की समोरचा गडी बाद झाला तर आपण खूश, आणि बाजूचा बाद झाला तर आपण कासावीस.

'सद्भावना सामना' भरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. एका बाजूला एका समाजाचा संघ, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा, मध्ये पुढारी, हातात ट्रॉफी. हेतू चांगला असतो, शंका नाही. पण रचना अशी की तीन तास दोन्ही पोरांनी एकमेकांना हरवायचंच आहे.

मुंबईने हा प्रयोग नकळत जवळजवळ चाळीस वर्षं करून पाहिला आहे. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशा तीन संघांची स्पर्धा सुरू झाली. १९१२ पासून मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी. मरीन लाइन्सच्या जिमखान्यांची नावं आजही त्या काळाची साक्ष देतात : हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. सामने थरारक व्हायचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात 'इतर' संघाकडून विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या होत्या. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका विकेटने हरवलं, आणि के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. मैदानावर खेळाडूंमध्ये दोस्ती होती, प्रेक्षकही चांगल्या खेळाला दाद द्यायचे. हे सगळं खरं.

तरीही १९४० मध्ये महात्मा गांधींनी या स्पर्धेला उघड विरोध केला. कॉलेजांचे, संस्थांचे संघ समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ कशासाठी, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी क्रिकेट फारसं पाहिलं नव्हतं, पण रचनेतली खोट नेमकी ओळखली. १९४५-४६ नंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली.

याच काळातलं दुसरं चित्र बघा. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला भारताच्या डावाची सुरुवात करायला विजय मर्चंट आणि सय्यद मुश्ताक अली उतरले आणि दोघांनी पहिल्या विकेटसाठी २०३ धावा जोडल्या. दोघांचीही शतकं. मुंबईतल्या स्पर्धेत एक हिंदू संघाचा, दुसरा मुस्लिम संघाचा. मँचेस्टरला एकाची धाव दुसऱ्याच्या पायावर अवलंबून.

पण थांबा. 'एकाच संघात घाला, सगळं ठीक होईल' हेही पूर्ण खरं नाही. पालवणकर बाळू आठवतात? डावखुरा फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा. दलित समाजातले बाळू पुण्यात हिंदू संघासाठी गोलंदाजी करायचे, बळी त्यांचे, विजय संघाचा. आणि चहाच्या वेळी सवर्ण सहकारी पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत असताना बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. संघ एक, चहा वेगळा. त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही मोठ्या वादानंतर.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच हे मांडलं होतं. दोन गटांची नुसती भेट पुरेशी नाही. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी, आणि वरच्या लोकांचा, म्हणजे प्रशिक्षक, संस्था, सरकार यांचा, त्याला खुला पाठिंबा हवा. बाळूंच्या संघात दुसरी आणि तिसरी गोष्ट होती. पहिली नव्हती.

गुडघे टेकलेला संघ

खेळाने युद्ध थांबवलं, अशी एक गोष्ट मोबाईलवर सतत फिरत असते. आयव्हरी कोस्ट आणि दिदिएर द्रोग्बा. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच ती नीट सांगायला हवी.

पश्चिम आफ्रिकेतला हा देश २००२ मध्ये दुभंगला. उत्तर भाग, जिथे मुस्लिमांची संख्या मोठी, बंडखोरांकडे. दक्षिण भाग सरकारकडे. भांडणाच्या मुळाशी एक प्रश्न होता जो आपल्याला परका वाटणार नाही : खरा नागरिक कोण? उत्तरेकडच्या अनेकांना आडनावावरून, आई-वडिलांच्या जन्मावरून 'तुम्ही इथले नाही' असं सांगितलं जायचं, कागदपत्रं नाकारली जायची.

८ ऑक्टोबर २००५ रोजी सुदानमध्ये सामना जिंकून हा देश पहिल्यांदा फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला. ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीचा कॅमेरा होता. दक्षिणेतला ख्रिस्ती द्रोग्बा, आणि सोबत बंडखोरांचा बालेकिल्ला असलेल्या बुआके शहरात जन्मलेला कोलो तुरे यांच्यासारखे मुस्लिम खेळाडू. एकच संघ. द्रोग्बाने माइक घेतला, देशाला उद्देशून म्हणाला की आम्ही सगळ्या भागांतले लोक एकत्र खेळू शकतो हे तुम्ही पाहिलंत, आता शस्त्रं खाली ठेवा, निवडणुका घ्या. आणि संघाने गुडघे टेकले.

मोबाईलवरची गोष्ट इथे संपते : 'आणि युद्ध थांबलं.' तसं झालं नाही. करार झाला तो मार्च २००७ मध्ये, शेजारच्या बुर्किना फासोच्या मध्यस्थीने, वाटाघाटी करून. पण त्यानंतर द्रोग्बाने आग्रह धरला की आफ्रिका चषकाचा एक पात्रता सामना बुआकेला व्हावा. ३ जून २००७ रोजी तो झाला. ज्या शहरात दक्षिणेतला माणूस जायला घाबरत होता, तिथे मादागास्करविरुद्ध ५-० असा विजय, शेवटचा गोल द्रोग्बाचा. त्या दिवसाने कागदावरच्या कराराला लोकांच्या डोळ्यांसमोर चेहरा दिला, एवढं श्रेय निर्विवाद.

आणि मग २०१० ची निवडणूक आली. निकाल मान्य करायला राष्ट्राध्यक्ष लोरां बाग्बो यांनी नकार दिला, पुन्हा लढाई पेटली आणि सुमारे ३ हजार माणसं मेली. नागरिकत्वाची आणि सत्तेची गाठ राजकारण्यांनी सोडवलीच नव्हती. २०११ मध्ये सत्यशोधन आणि समेटासाठी आयोग नेमला, त्यात द्रोग्बाचंही नाव होतं. फुटबॉलपटूला जेवढं करता येईल तेवढं त्याने केलं.

मोहम्मद सलाहची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. तो २०१७ मध्ये लिव्हरपूलला गेला, गोल केला की मैदानावर सजदा. त्याच सलमा मूसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे काढले : लिव्हरपूलच्या मर्सीसाइड भागात द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी घटले, आणि क्लबच्या चाहत्यांचं ट्विटरवर मुसलमानांविरुद्ध लिहिणं जवळजवळ निम्म्यावर आलं. माशाअल्लाह, चांगलंच आहे. पण त्या पहिल्याच हंगामात सलाहने लीगमध्ये ३२ गोल केले होते. त्याने पेनल्टी वाया घालवल्या असत्या तर? २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि त्याच रात्री त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. शमीचं आणि त्यांचं दुःख एकच. इज्जत मिळवण्यासाठी रोज शतक काढावं लागणं, ही इज्जत नव्हे.

आपल्या मैदानांवर

या सगळ्याचा आपल्या गल्लीतल्या टुर्नामेंटशी काय संबंध? बराच आहे. कोकणातल्या गावांपासून भिवंडी-मालेगावपर्यंत हिवाळा-उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. संघ कसे बनतात? मोहल्ल्याचे, जमातीचे, वाडीचे. मंडळाचा संघ एकीकडे, आपला एकीकडे. यात वाईट काही नाही. पण अशा स्पर्धेने 'भाईचारा वाढतो' हे भाषण मात्र उत्तर प्रदेशातल्या त्या लीगनंतर जरा जपून करावं.

नियम बदलला की खेळ बदलतो, याचं एक छान उदाहरण केनियात आहे. नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत १९८७ मध्ये एक युवा क्रीडा संघटना सुरू झाली. तिथल्या लीगमध्ये सामना जिंकल्याचे गुण मिळतातच, पण संघाने वस्तीतला कचरा साफ केला, गटार उपसलं, तर त्याचेही गुण तक्त्यात जमा होतात. म्हणजे सामने हरणारा संघही फावड्याच्या जोरावर तक्त्यात वर येऊ शकतो. उपदेश नाही, फक्त गुणांचा नियम. याच संघटनेतून उभा राहिलेला माथारे युनायटेड क्लब २००८ मध्ये केनियाची प्रीमियर लीग जिंकला.

आणि मुली? त्यांच्याशिवाय अर्धं गाव मैदानाबाहेरच राहतं. जगात काय बदललं आहे हे घरात माहीत असावं म्हणून सांगतो : २०११ मध्ये इराणच्या मुलींच्या संघाला डोक्यावरच्या स्कार्फमुळे ऑलिम्पिक पात्रता सामना खेळू दिला नव्हता. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी हा विषय लावून धरला आणि मार्च २०१४ मध्ये फुटबॉलच्या नियमांत डोकं झाकायला अधिकृत परवानगी मिळाली. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, त्या स्पर्धेत असं खेळणारी पहिली. त्यामुळे 'हिजाब आहे म्हणून फुटबॉल नाही' हे कारण आता नियमपुस्तकात उरलेलं नाही.

मुंब्र्यात 'परचम' या गटाने मुस्लिम आणि इतर समाजांच्या मुलींचा फुटबॉल संघ उभा केला. एकाच संघात, बाजूबाजूला. त्यांची पहिली लढाई समोरच्या संघाशी नव्हतीच, जागेशी होती. मैदानावर दिवसभर मुलांचा कब्जा, मुलींनी कुठे खेळायचं? त्यांनी सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी हक्काची जागा मागितली. वस्तीतल्या मैदानावर आठवड्यातून काही तास मुलींचे, एवढी मागणी कोणत्याही नगरसेवकाकडे करता येते.

टुर्नामेंट भरवणाऱ्या पोरांना एक गोष्ट करून पाहता येईल. वर्षातल्या सगळ्या स्पर्धा तशाच राहू द्या. एकीची नोंदणी मात्र संघाने करू नका, खेळाडूने स्वतःच्या नावाने करू द्या. गोलंदाज, फलंदाज, यष्टिरक्षक अशा चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत टाका, म्हणजे संघ तुल्यबळ होतील, आणि शेजारच्या वस्तीतल्या, दुसऱ्या समाजातल्या पोरांनाही त्याच डब्यांतून काढा. कर्णधारपद प्रत्येक सामन्याला फिरतं ठेवा. चहा-नाश्ता एकाच जागी. कुणीतरी कुरकुर करेल, 'आमचा बॉलर त्यांना का' म्हणून. करू द्या. आणि स्पर्धा संपल्यावर जर्सी परत घेऊ नका. त्याच संघांना पुढचे काही महिने रविवारी सकाळी मैदान मोकळं ठेवा, कारण काराकोशमध्ये सगळ्यात मोठा फरक बक्षीस समारंभाच्या दिवशी नव्हे, सहा महिन्यांनंतरच्या सरावात दिसला होता.